जागल्याचा बळी आणि राज्यकर्त्यांची झोप

जुन्या गावगाड्यात जागल्याचे काम ज्यांच्या वाट्याला येई ते बहुधा गावकुसाबाहेरचे लोक असत. रात्रभर गाव राखावे, परक्या पावलांचा माग काढावा, चोर आला तर हाळी द्यावी आणि सुगीला खळ्यावर जाऊन ओंजळभर धान्यासाठी तिष्ठत राहावे, असा हा व्यवहार होता. अनेक ठिकाणी चोरीचा माग लागला नाही तर तिची भरपाईही राखणदाराच्याच माथी मारली जाई. ती व्यवस्था अन्यायाची होती आणि तिचे गोडवे गाण्याचे काहीच कारण नाही. परंतु त्या अन्यायी व्यवस्थेलासुद्धा एवढे कळत होते की, जागल्याची हाळी ऐकू आली म्हणजे गावाने उठायचे असते. गेल्या काही वर्षांत मराठी वृत्तपत्रांनी हाच शब्द सरकारी कचेऱ्यांतील आणि कंपन्यांतील गैरव्यवहार जिवावर उदार होऊन चव्हाट्यावर आणणाऱ्या माणसांसाठी रूढ केला. शब्द चपखल आहे, व्यवहार मात्र पालटला आहे. पूर्वी चोरी झाली तर जागल्याला भुर्दंड पडे. आज चोरी पकडून दिली तर पडतो, आणि तो पैशाने फेडून भागत नाही. हाळी ऐकून राज्य उठत नाही. हाळी कोणी दिली याचा पत्ता मात्र हवा त्याला मिळतो.

हे अतिशयोक्तीचे वाटत असेल तर सत्येंद्र दुबे यांचे प्रकरण आठवावे. बिहारच्या सीवान जिल्ह्यातील एका खेड्यात वाढलेले आणि कानपूरच्या आय. आय. टी.तून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतलेले हे तरुण अभियंते राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या सुवर्ण चतुष्कोन योजनेवर झारखंडमधील कोडरमा येथे काम करीत होते. मोठ्या कंपन्यांनी कंत्राटे पदरात पाडून घ्यायची, ती परस्पर कुवत नसलेल्या पोटकंत्राटदारांकडे सोपवायची, सरकारकडून अग्रिम रकमा उचलायच्या आणि निकृष्ट रस्ता देशाच्या गळ्यात मारायचा, हा प्रकार त्यांनी डोळ्यांनी पाहिला. ११ नोव्हेंबर २००२ रोजी त्यांनी थेट पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांना पत्र लिहून जनतेच्या पैशाची ही लूट त्यांच्या नजरेस आणली. आपले नाव गुप्त ठेवावे, ही विनंती त्यांनी स्पष्ट शब्दांत केली होती. तरीही पंतप्रधानांच्या कार्यालयातून ते पत्र नावानिशी संबंधित खात्याकडे गेले आणि शेरे घेत या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. २७ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे, वाराणसीहून लग्नसमारंभ आटोपून परतत असताना, गया शहरात दुबे यांना गोळी घालून ठार मारण्यात आले.

सी. बी. आय.ने तपास केला. लुटीसाठी झालेला खून असे प्रकरण उभे राहिले आणि मार्च २०१० मध्ये पाटण्याच्या न्यायालयाने तिघांना जन्मठेप सुनावली. दुबे यांच्या कुटुंबीयांचे त्याने समाधान झाले नाही. परंतु न्यायालयाचा निर्णय जसाच्या तसा मान्य केला तरी एक प्रश्न शिल्लक उरतोच. ज्या माणसाने देशाच्या सर्वोच्च कार्यालयावर विश्वास ठेवून आपले नाव त्याच्या स्वाधीन केले, ते नाव गावभर करणाऱ्या हातांचे काय? गोळी कोणी झाडली याचा तपास होतो, पण एका प्रामाणिक माणसाला उघड्यावर आणून ठेवण्याच्या कृत्याला या देशात गुन्हा समजले जात नाही. ती ‘कार्यालयीन पद्धत’ ठरते.

दुबे यांच्यानंतर दोनच वर्षांनी शण्मुगम मंजुनाथ यांची पाळी आली. कर्नाटकातील कोलार गोल्ड फील्ड्‌सचा हा तरुण लखनौच्या आय. आय. एम.मधून शिकून इंडियन ऑइलमध्ये विक्री अधिकारी झाला होता. उत्तर प्रदेशातील लखीमपूर खीरी भागात त्याने भेसळीचे इंधन विकणाऱ्या पेट्रोल पंपांना टाळे ठोकले. १९ नोव्हेंबर २००५ च्या रात्री त्याला गोळ्या घातल्या गेल्या. त्या वेळी त्याचे वय अवघे २७ वर्षांचे होते. महाराष्ट्राने उत्तरेकडे बोट दाखवून स्वतःची पाठ थोपटून घेण्याचे कारण नाही. २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मनमाडजवळ पानेवाडी येथे इंधनाची चोरी आणि भेसळ पकडण्यास गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भर दिवसा जिवंत जाळण्यात आले. त्याच्या वर्षभर आधी, १३ जानेवारी २०१० च्या सकाळी, तळेगाव दाभाडे येथे सतीश शेट्टी यांच्यावर शस्त्रांचे वार करून त्यांचा जीव घेतला गेला. शेट्टी हे अधिकारी नव्हते. माहिती अधिकाराचे अर्ज करून जमिनींचे गैरव्यवहार बाहेर काढणारे ते एक नागरिक होते. आपल्या जिवाला धोका आहे, पोलीस संरक्षण मिळावे, अशी मागणी त्यांनी आधीच केली होती. त्यांच्या खुनाचा तपास पोलिसांकडून सी. बी. आय.कडे गेला, बंद झाला, पुन्हा उघडला आणि पुन्हा बंद झाला.

रस्ता, इंधन आणि जमीन या तीन गोष्टींवरच ही माणसे मेली, हा योगायोग नव्हे. सार्वजनिक पैसा आणि सार्वजनिक संपत्ती खाजगी खिशात ज्या वाटांनी वळवली जाते, त्या वाटा याच आहेत. कंत्राटदार, भेसळखोर आणि जमिनीचे दलाल यांच्या साखळीत वरिष्ठ अधिकारी आणि पुढारी हे बाहेरचे पाहुणे नसतात. बहुतेक वेळा साखळीची टोके त्यांच्याच हातात असतात. म्हणून भ्रष्टाचार म्हणजे काही वाईट माणसांचे दुर्वर्तन आणि जागल्या म्हणजे एक चांगला माणूस, अशी बाळबोध मांडणी करणाऱ्यांना या प्रश्नाचा गाभाच कळलेला नाही. येथे लढा एका माणसाच्या सदसद्विवेकाचा आणि संपूर्ण हितसंबंधांच्या जाळ्याचा असतो, आणि तो एक माणूस त्या जाळ्याच्या आत, पगारपत्रकावर नाव असलेला, बदलीच्या आणि गोपनीय अहवालाच्या टाचेखाली राहणारा असतो.

अशा माणसाला राज्य कोणते संरक्षण देते? या प्रश्नाचा इतिहास म्हणजे टाळाटाळीचा इतिहास आहे. विधी आयोगाने डिसेंबर २००१ मधील आपल्या १७९ व्या अहवालात जागल्यांच्या संरक्षणासाठी कायदा करण्याची शिफारस केली आणि विधेयकाचा मसुदाही सोबत जोडला. म्हणजे दुबे यांनी पत्र लिहिले त्याच्या जवळजवळ वर्षभर आधी सरकारच्या टेबलावर उपाय तयार होता. तो तसाच पडून राहिला. दुबे यांच्या खुनानंतर देशभर संताप उसळला, सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला, तेव्हा कोठे एप्रिल २००४ मध्ये एक सरकारी ठराव निघून अशा तक्रारींचे काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपवण्यात आले. कायद्याचे विधेयक लोकसभेने डिसेंबर २०११ मध्ये आणि राज्यसभेने फेब्रुवारी २०१४ मध्ये मंजूर केले. मे २०१४ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. शिफारशीपासून संमतीपर्यंत साडेबारा वर्षे गेली! आणि एवढे करूनही तो कायदा अमलात आलेला नाही, कारण तो केव्हापासून लागू होईल ती तारीख केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर करावी लागते. ती तारीख अजून उगवलेली नाही. संसदेने केलेला कायदा सरकारने कपाटात ठेवून दिला आहे आणि कपाटाची किल्ली हरवल्याचे सोंग चालू आहे.

कायदा लागू का केला नाही, असे विचारले की राष्ट्राची सुरक्षितता पुढे केली जाते. मे २०१५ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत एक दुरुस्ती विधेयक मंजूर करून घेतले. माहिती अधिकार कायद्यात ज्या दहा प्रकारच्या माहितीला अपवाद केले आहेत, त्या प्रकारची माहिती तक्रारीत असेल तर तिची चौकशीच होऊ नये आणि १९२३ च्या सरकारी गुपिते कायद्यापासून तक्रारदाराला मिळणारे संरक्षणही काढून घ्यावे, असा त्याचा रोख होता. अपवादांच्या त्या यादीत केवळ संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार नाहीत, व्यापारी गुपिते आणि मंत्रिमंडळाची कागदपत्रेही आहेत. कंत्राटातील लूट व्यापारी गुपिताच्या पांघरुणाखाली झाकता येणार नाही तर कोठे झाकता येणार? शिवाय यातील भेद मुद्दाम पुसला गेला. माहिती अधिकारात माहिती जाहीर होते. जागल्या मात्र आपली माहिती जाहीर करीत नाही, सक्षम अधिकाऱ्याच्या हाती गुप्तपणे सोपवतो. सरकारनेच नेमलेल्या दक्षता आयोगाला कळल्याने राष्ट्राचे सार्वभौमत्व कसे धोक्यात येते? इंग्रजांनी आपल्या अमलाच्या रक्षणासाठी केलेला गुपितांचा कायदा स्वराज्यात चोरांच्या रक्षणासाठी वापरायचा, एवढाच याचा अर्थ. ते दुरुस्ती विधेयक राज्यसभेत अडकले आणि २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित होताच आपोआप रद्द झाले. त्यानंतर तर कायदा लागू न करण्याची ती सबबही उरली नाही. तरीही कायदा लागू झाला नाही. झोपलेल्याला जागे करता येते. झोपेचे सोंग घेतलेल्याला कसे करणार?

दुसरा आक्षेप असा घेतला जातो की, संरक्षण दिले तर खोट्या तक्रारींचा पूर येईल, सूडबुद्धीने प्रामाणिक अधिकाऱ्यांना छळले जाईल आणि निर्णय घ्यायला कोणी धजावणार नाही. या आक्षेपात तथ्याचा अंश आहे, हे मान्य करावयास हवे. पण कायदा करणाऱ्यांनी त्याची तजवीज आधीच करून ठेवली आहे. जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कैद आणि ३० हजार रुपयांपर्यंत दंड त्यात सांगितला आहे. निनावी तक्रार घेतलीच जाणार नाही आणि ७ वर्षांपूर्वीच्या प्रकरणांना हात लावला जाणार नाही, अशी बंधनेही आहेत. उलट, तक्रारदाराचा छळ करणाऱ्या वरिष्ठाला त्या छळाबद्दल थेट शिक्षा या कायद्यात सांगितलेली नाही. म्हणजे जागल्याची जीभ घसरली तर तुरुंग आणि जागल्याचा गळा दाबला तर केवळ चौकशी! एवढ्या लंगड्या कायद्याचीसुद्धा ज्यांना धास्ती वाटते, त्यांचे हात किती स्वच्छ आहेत हे वेगळे सांगावयास नको.

या कायद्याची दुसरी मोठी उणीव अशी की, तो सरकारी सेवकांच्या गैरव्यवहारापुरता मर्यादित आहे. खाजगी कंपन्यांचे दालन त्याने बंदच ठेवले आहे. गेल्या तीन दशकांत रस्ते, वीज, विमानतळ, आरोग्य अशी एकेक सार्वजनिक सेवा खाजगी हातांत दिली गेली. काम जनतेचे, पैसा पुष्कळदा जनतेचा, पण नफा आणि हिशेब दोन्ही खाजगी! २०१३ च्या कंपनी कायद्याने तक्रारींसाठी जी यंत्रणा सांगितली आहे ती कंपनीच्याच संचालकांच्या लेखापरीक्षण समितीकडे बोट दाखवते. याचा परिणाम काय होतो हे रॅनबॅक्सीच्या प्रकरणात दिसले. या औषध कंपनीतील अधिकारी दिनेश ठाकूर यांनी औषधांच्या चाचण्यांतील बनावट आकडे उघडकीस आणले. अमेरिकेत मे २०१३ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला आणि ५० कोटी डॉलर भरले; ठाकूर यांनाही तेथील कायद्यानुसार त्यातून सुमारे ४ कोटी ८० लाख डॉलर मिळाले. सत्य सांगणाऱ्याला लुटीच्या वसुलीत वाटा देणारी ती पद्धत सत्यालाही बाजारभाव लावते, हे खरे. तिचा गौरव करण्याचे कारण नाही. पण भारतात त्याच ठाकूर यांनी २०१६ मध्ये औषध नियंत्रणाच्या कारभारावर बोट ठेवून सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले, तेव्हा त्यांची याचिका दाखल करून घेतली गेली नाही. अमेरिकेतल्या रुग्णाच्या जिवाचा हिशेब झाला. भारतातल्या रुग्णाचा कोण करणार?

आतापर्यंत आलेली नावे बहुतेक शिकल्यासवरलेल्यांची आहेत. वृत्तपत्रांना आणि मध्यमवर्गाला तीच भावतात. आय. आय. टी.चा पदवीधर मेला की मेणबत्त्या पेटतात. परंतु गैरव्यवहाराचा पहिला साक्षीदार अधिकारी नसतो, तो कामगार असतो. झडपेतून गळणारा वायू त्याच्या नाकात आधी शिरतो. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये विषारी फॉसजीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला. कामगारांच्या संघटनेने आवाज उठवला, शहराला सावध करणारी भित्तिपत्रके लावली. राजकुमार केसवानी या पत्रकाराने १९८२ पासून ‘रपट’ या आपल्या छोट्या साप्ताहिकात, भोपाळ ज्वालामुखीच्या तोंडावर बसले आहे, असा इशारा पुन्हा पुन्हा दिला. डिसेंबर १९८२ मध्ये विधानसभेत प्रश्न निघाला तेव्हा मंत्र्यांचे उत्तर अशा आशयाचे होते की, २५ कोटींचा हा कारखाना म्हणजे इकडून तिकडे हलवावा असा दगड नव्हे आणि भोपाळला कोणताही धोका नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री त्या उत्तराची किंमत झोपलेल्या वस्त्यांनी मोजली. हजारो माणसे मेली. म्हणून जागल्याच्या बळीचा हिशेब करताना केवळ मारला गेलेला जागल्या मोजून चालत नाही. त्याची हाळी न ऐकल्यामुळे जे मेले तेही त्याच हिशेबात धरावे लागतात.

आता प्रश्न कार्यकर्त्यांचा. सत्ताधाऱ्यांना दोष दिला की आपले कर्तव्य संपले, या भ्रमात चळवळीने राहू नये. जागल्या एकटा पडतो याला सरकार जितके जबाबदार, तितकीच त्याच्या भोवतीच्या संघटनांची उदासीनताही जबाबदार आहे. महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्यातील मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी २०१२ मध्ये सिंचन प्रकल्पांतील वाढवलेल्या खर्चाविषयी आणि निकृष्ट कामांविषयी सरकारला पत्रे लिहिली. राज्यात वादळ उठले. सप्टेंबरात उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला, नोव्हेंबरात श्वेतपत्रिका निघाली आणि डिसेंबरात तेच उपमुख्यमंत्री त्याच खुर्चीवर परतले. पांढरे यांनी मात्र मुदतीआधीच सरकारी सेवा सोडली. त्या दिवसांत त्यांच्या पत्रातील आकडे सभासभांतून गाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी दुष्काळी तालुक्यांत जाऊन धरणाच्या आणि कालव्याच्या कामाचा हिशेब शेतकऱ्यांपुढे मांडला? जागल्याने जिवावर उदार होऊन कागद आणावा आणि विरोधी पक्षांनी तो एका अधिवेशनापुरता फडकवावा, हा व्यवहारही एक प्रकारचे शोषणच आहे. सोनवणे यांच्या हत्येनंतर २७ जानेवारी २०११ रोजी राज्यातील लाखो सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवले, ही अभिमानाची गोष्ट होती. पण वेतनश्रेणीसाठी महिनोन्‌महिने झगडणाऱ्या संघटनांनी, प्रामाणिक सहकाऱ्याची सूडबुद्धीने बदली झाली म्हणून किती वेळा काम थांबवले, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारावा.

जेथे माणूस एकटा राहिला नाही तेथे चित्र वेगळे दिसते. मंजुनाथच्या मारेकऱ्यांना शिक्षा झाली आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, याला त्याच्या सहाध्यायांनी विश्वस्त संस्था स्थापून वर्षानुवर्षे खटल्याचा केलेला पाठपुरावा कारणीभूत होता. झारखंडमधील पलामू येथे रोजगार हमीच्या कामांची सामाजिक तपासणी व्हायची होती. तिच्या तयारीत असलेले कार्यकर्ते ललित मेहता यांचा मे २००८ मध्ये खून झाला. मारणाऱ्यांचा हेतू काहीही असो, तपासणी थांबली नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस सहकाऱ्यांनी आणि मजुरांनी ती पार पाडली. राजस्थानातील मजूर किसान शक्ती संघटनेने १९९४ मध्ये जनसुनवाई सुरू केली तेव्हा तिचे मर्म हेच होते. मस्टरवरची खोटी नावे एखाद्या कारकुनाने चोरून बाहेर आणायची नाहीत, तर गावाच्या मधोमध मांडवात ती मोठ्याने वाचायची आणि ज्याचे नाव त्यानेच उभे राहून सांगायचे की, हे पैसे मला मिळाले नाहीत. साऱ्या गावाने एकदम तोंड उघडले तर कोणाकोणाला मारणार? माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा त्या मांडवातून निघाला, कोणा मंत्र्याच्या औदार्यातून नव्हे. आणि आज २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या आडून त्या अधिकाराचा संकोच केला गेला आहे, तो याच मांडवाच्या भीतीने.

यातून कामाची दिशा स्पष्ट होते. २०१४ चा कायदा विनाविलंब लागू करावा, छळ करणाऱ्यास शिक्षेची तरतूद त्यात घालावी आणि सार्वजनिक काम करणाऱ्या खाजगी कंपन्यांना त्याच्या कक्षेत आणावे, या मागण्या प्रत्येक व्यासपीठावरून झाल्याच पाहिजेत. परंतु तारखेची वाट पाहत हात बांधून बसण्याचे कारण नाही. ज्या तालुक्यात रस्त्याचे, धरणाचे किंवा रोजगार हमीचे काम चालू आहे तेथे त्याचे अंदाजपत्रक मिळवून ग्रामसभेत वाचण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रकात सुरक्षिततेची आणि गैरव्यवहाराची तक्रार करणाऱ्या कामगाराच्या संरक्षणाचे कलम घालावे. माहितीचा अर्ज एका कार्यकर्त्याच्या नावाने न जाता पंचवीस जणांच्या नावाने जावा. कोणाला धमकी आली की त्याच दिवशी तालुक्याच्या ठिकाणी सर्वांनी मिळून जाब विचारावा. शोकसभेपर्यंत थांबू नये.

दुबे, मंजुनाथ, सोनवणे, शेट्टी, मेहता यांच्या तसबिरींना हार घालणारे पुष्कळ मिळतील. त्यांत त्यांची पत्रे फिरवणारे आणि त्यांचे संरक्षणाचे अर्ज बाजूला सारणारेही असतील. मेलेला जागल्या कोणालाच अडचणीचा नसतो. आज या घटकेला कोठल्या तरी कचेरीत, कोठल्या तरी कारखान्यात एखादा माणूस हातातल्या कागदाकडे पाहत, बोलावे की न बोलावे या विचारात बसलेला असेल. तो बोलला तर आपल्या पाठीशी कोणी उभे राहील, एवढी खात्री त्याला देणे सरकारच्या मनात नाही. ती खात्री त्याला संघटनेनेच दिली पाहिजे, आणि ती त्याच्या मरणानंतर नव्हे, आज.